बंदूक आहे का हो तुमच्याकडे?

लेक पहिलीत गेली त्या ऑगस्टमध्ये शाळेच्या सामानाची यादी आली. पिवळ्या पेन्सिली दोन डझन, गोंदाच्या कांड्या बारा, टिश्यूचे चार डबे, झिपलॉकच्या पिशव्या (मुलींनी मोठ्या आणायच्या, मुलांनी लहान, का ते विचारू नये). इथे अमेरिकेत वर्गाचं बरंचसं सामान आईबापांनीच पुरवायचं असतं, त्यामुळे यादीचं काही वाटलं नाही. शेवटी बाईंनी दोन गोष्टी जादा लिहिल्या होत्या, ज्यांना जमेल त्यांनी पाठवाव्यात म्हणून. लॉलीपॉपचं एक मोठं पाकीट आणि मांजराच्या वाळूची एक पिशवी.

मला वाटलं, वर्गात मांजर पाळलंय. दुकानातून दहा पौंडांची पिशवी उचलली. शाळा सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी मुलांनी आपापली जागा बघायला जायचं असतं, तेव्हा ती खांद्यावर टाकून वर्गात गेले आणि मांजर कुठंय म्हणून विचारलं. बाई हसल्या. कोट अडकवायच्या खुंट्यांखाली झाकणाची एक पांढरी बादली होती, भिंतीच्या रंगाची असते तसली. लॉकडाऊन (धोका असला की वर्गाची दारं लावून आत बसायचं, तो) लांबला तर मुलांना शूला बाहेर सोडता येत नाही, म्हणून ती बादली आणि बादलीत घालायला वाळू. आणि लॉलीपॉप? तोंडात काही असलं की मूल बोलत नाही. हे सगळं त्यांनी इतक्या सरावाच्या सुरात सांगितलं की मी फक्त ‘ओह, ओके’ म्हणाले आणि भिंतीवरची अक्षरं बघत उभी राहिले.

मिशिगनच्या कायद्याप्रमाणे शाळेला वर्षाला आगीच्या पाच, टोर्नेडोच्या दोन आणि लॉकडाऊनच्या तीन कवायती घ्याव्याच लागतात. आगीला बाहेर पळायचं. टोर्नेडोला कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून डोक्यावर हात घ्यायचे. लॉकडाऊनला दार लावून, दिवे घालवून, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात गप्प बसायचं. पहिल्या कवायतीहून लेक घरी आली ती खूश. तिला लिंबाचा लॉलीपॉप मिळाला होता.

‘हे कशासाठी करतात गं?’

‘शाळेत अस्वल आलं तर.’

मिशिगनमध्ये अस्वलं आहेत, नाही असं नाही. पण ती वर उत्तरेच्या जंगलात. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयसारख्या उपनगरात येऊन ती पहिलीच्या वर्गाचं दार ठोठावत नाहीत. मी वरणभात कालवत राहिले. अस्वल तर अस्वल.

ते साल २०२१. नोव्हेंबरच्या ३० तारखेला, मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास आमच्याच ओकलंड काउंटीतल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये तिथल्याच पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. चार मुलं गेली, १४ ते १७ वयाची. सहा विद्यार्थी आणि एक शिक्षिका जखमी झाल्या. ऑक्सफर्ड आमच्यापासून गाडीने पाऊण तासाच्या आत. मी तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवरच्या एकेकाची मान खाली फोनकडे वळत गेली. कुणी काही बोललं नाही, पण ज्यांना मुलं होती त्यांचे कॅमेरे एकामागून एक बंद झाले.

त्या दिवशीचा एक व्हिडिओ पुढे जगभर फिरला. बंद वर्गाच्या दारावर थाप पडते. बाहेरचा माणूस म्हणतो, मी शेरीफच्या ऑफिसातून आलोय, बाहेर या, आता धोका नाही. आतली मुलं कुजबुजतात. बोलता बोलता तो ‘ब्रो’ म्हणतो. पोलीस ‘ब्रो’ म्हणेल का? मुलं क्षणात खिडकीकडे धावतात आणि बाहेर बर्फात उड्या टाकून पळत सुटतात. दारावर बहुधा खरंच पोलीसच होता, असं नंतर शेरीफनी सांगितलं. पण मुलांचं काही चुकलं नाही. कुणालाही दार उघडायचं नाही हा धडा त्यांच्याकडून इतकी वर्षं घोटून घेतला होता, तो त्यांनी बिनचूक म्हणून दाखवला.

त्या आठवड्यात धमक्यांचं पेव फुटलं. खऱ्या कुठल्या, खोट्या कुठल्या कळेना. आजूबाजूच्या कितीतरी शाळा दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. कुडाळहून आईचा फोन आला. टीव्हीवर ‘मिशिगन’ एवढंच ऐकलं होतं तिने. ‘चेडू खंय आसा गो?’ एवढंच दोनदा विचारलं. चेडू सोफ्यावर पालथी पडून घोड्याचं चित्र रंगवत होती.

ऑक्सफर्डचं पुढे जे बाहेर आलं, त्यातले आधीचे पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार, म्हणजे इथला सगळ्यात मोठा खरेदीचा दिवस. मुलाला बरोबर घेऊन वडिलांनी नऊ मिलिमीटरचं पिस्तूल विकत घेतलं. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या सरावाला घेऊन गेली. सोमवारी वर्गात तो फोनवर काडतुसं शोधताना बाईंना दिसला. शाळेने घरी कळवलं, तेव्हा आईने मुलाला मेसेज केला की मी रागावले नाहीये, पण पकडलं न जायला शिक. मंगळवारी सकाळी गणिताच्या कागदावर त्याने बंदूक काढली, रक्त काढलं, आणि विचार थांबत नाहीत, मला मदत करा, असं लिहिलं. समुपदेशकाने आईवडिलांना बोलावून घेतलं. ते आले, बसले, त्याला घरी न नेता कामावर परत गेले. मुलगा दप्तर पाठीवर घेऊन वर्गात गेला. दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. पिस्तूल त्यातच होतं.

दप्तर का नाही तपासलं, यावर आमच्याकडे महिनोन् महिने वाद चालला, आणि तो चालायलाच हवा होता. शाळेची चूक होतीच. दोन वर्षांनी आलेल्या स्वतंत्र चौकशीच्या जाडजूड अहवालातही ते आहे. पण त्यानंतर सगळी चर्चा जी दप्तरात शिरली ती तिथेच राहिली. कुठे पारदर्शक दप्तरं आली. ग्रँड रॅपिड्सला २०२३च्या मे महिन्यात तिसरीतल्या मुलाकडे भरलेलं पिस्तूल सापडलं, तर तिथल्या सगळ्या सरकारी शाळांमध्ये दप्तरावरच बंदी आली. आमच्या शाळेला कॅमेऱ्याची घंटा आली, दोन दारांमधली थांबायची खोली आली, काचांवर जाड फिल्म आली. या सगळ्यासाठी कर वाढवायचा का म्हणून मतदान झालं तेव्हा मीही हो म्हटलं. नाही कोण म्हणेल?

बंदुकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं २०१२च्या डिसेंबरपासून तेच आहे. कनेटिकटमधल्या सँडी हुकच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर आठवडाभराने नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या प्रमुखांनी सांगून टाकलं, बंदूकवाल्या वाईट माणसाला थांबवतो तो बंदूकवाला चांगला माणूसच. टेक्ससमधल्या युवाल्डीला २०२२ साली शाळेत गोळीबार झाला तेव्हा तिथे ३७६ बंदूकवाले चांगले पुरुष आणि बायका, म्हणजे पोलीस, जमले होते. आत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, आणि वर्गात शिरायला या पोलिसांना ७७ मिनिटं लागली. याच्यावर मी आणखी काही लिहीत नाही. लिहायला बसले की हात थरथरतो आणि भाषा बिघडते.

मला पडलेला प्रश्न वेगळा होता. पिस्तूल दप्तरात आलं कुठून? घरातून. सँडी हुकला मुलाने आधी आपल्या आईलाच मारलं, तिच्याच बंदुकीने, आणि मग तिच्याच बंदुका घेऊन तो शाळेत गेला. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या इथल्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या दहा वर्षांतले शाळांवरचे ४१ हल्ले अभ्यासले. ज्यांनी बंदूक वापरली त्यांतल्या तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी ती आईबापांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून उचलली होती. आपण शाळेच्या दाराला कुलपावर कुलूप लावतोय, आणि वस्तू निघते ती कुणाच्या तरी बेडरूममधल्या कपाटातून.

शाळा तशी अजूनही मुलांसाठी बऱ्यापैकी सुरक्षित जागा आहे, हेही म्हटलं पाहिजे. २०२०पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मोटारअपघातही मागे पडले. पण त्यातले शाळेत मरणारे अगदी थोडे. बाकीचे रस्त्यावर, आणि घरात. भाऊ-भाऊ खेळताना. किंवा सतरा वर्षांचा मुलगा एकटा, दार लावून. अस्वलाची वाट आम्ही शाळेत बघत बसतो आणि कवायती करतो.

लेक आठ वर्षांची झाली तेव्हाच्या वार्षिक तपासणीची गोष्ट. डॉक्टरांकडे भरायचा एक कागद असतो. सायकल चालवताना हेल्मेट घालते का, भाज्या खाते का, घरी पोहायचा तलाव आहे का, घरात बंदूक आहे का, असल्यास कुलपात आहे का. मी ‘नाही’वर खूण केली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि सहज विचारलं, ‘आणि ती ज्या घरांत खेळायला जाते तिथे?’ हे त्यांचं एकटीचं डोकं नव्हे. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कितीतरी वर्षं पालकांना सांगतेय की मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी हा प्रश्न विचारा. फ्लोरिडाने तर २०११ साली डॉक्टरांनीच हे विचारू नये असा कायदा केला होता. सहा वर्षांनी कोर्टाने तो बराचसा रद्द केला. म्हणजे प्रश्न किती खुपतो बघा.

मी गप्प. कारण मी कुणालाच विचारलं नव्हतं.

आपण मराठी माणसं विचारण्यात मागे नाही. पगार किती, घर कितीला घेतलंत, एकच का, दुसऱ्याचं काय, हे आपण ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईला दादरहून ठाणे येईपर्यंत विचारून मोकळे होतो. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, कुत्रा चावतो का, हे मी इथेही सगळ्यांना विचारत आले. हा एक प्रश्न मात्र घशाशी अडायचा. विचारायचं म्हणजे समोरच्याला म्हणायचं, तुमच्या घरात माझं मूल मरू शकतं. भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. खरं आहे, पण ती सख्खी बहीण आहे, सहज सुटत नाही.

आजीची आठवण निघाली ती उगीच नाही. आमच्या घरी बंदूक होती. कुडाळजवळच्या गावात आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि ठासणीची एक लांब नळीची बंदूक. माकडं आणि डुकरं भुईमुगात शिरली की रात्री एक बार काढायचा. ती मधल्या खोलीत माळ्यावर आडवी असे. पण बंदुकीची दारू आणि केपा एका डब्यात, डबा देवघराखालच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आजीच्या कनवटीला. हे काही सुरक्षेचं धोरण नव्हतं. आजीचा आजोबांवर विश्वास नव्हता, एवढंच. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. आजोबा कुरकुरत जायचे, ‘माकडांक खंयची आचारसंहिता?’ बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की जगात सगळीकडे बंदूक अशीच असते, तिची एक बाजू पोलिसांकडे आणि दुसरी आजीकडे.

मी पहिल्यांदा विचारलं ते शेजारच्या आजोबांना. गाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला गोरा, उंच माणूस. हिवाळ्यात आम्ही उठायच्या आत आमच्या दारातला बर्फ आपल्या मशिनने उडवून मोकळा. मिशिगनमध्ये हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो. वर उत्तरेकडच्या कित्येक शाळांना त्या दिवशी चक्क सुट्टी असते. गणपतीला चाकरमानी कोकणात सुटतात तशी इथली माणसं नारिंगी टोप्या घालून उत्तरेकडे सुटतात, आणि आमचे हे आजोबा त्यात पहिले. त्यांची नात शनिवार-रविवार येते, ती लेकीची मैत्रीण. म्हणजे घरात बंदूक आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पुढचा होता.

गॅरेजमध्ये ते काहीतरी घासत होते. मी हवा, थंडी, नातीचा दात असं सगळं बोलून झाल्यावर, आवाज एकदम वरच्या पट्टीत जाऊन, विचारून टाकलं. त्यांनी फडकं ठेवलं. ‘चल,’ म्हणाले.

तळघरात फ्रिजएवढी लोखंडी तिजोरी होती, जमिनीला बोल्टांनी आवळलेली. त्यांनी ती उघडून दाखवली. रायफली दांड्यावर उभ्या, नीट पुसलेल्या. गोळ्या निराळ्या पेटीत, निराळ्या कुलपात. ते तिजोरी उघडत होते तेव्हा मी भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे बघत होते. त्याचे काचेचे डोळे अगदी आमच्या गावच्या म्हशीसारखे होते. वर येताना म्हणाले, ‘विचारलंस ते बरं केलंस. पण तो बंदुका कुलपात ठेवायचा नवा कायदा आणतायत ना, तो मला मान्य नाही हं.’ ज्याला अक्कल आहे तो कायद्यावाचून कुलूप लावतो, ज्याला नाही तो कायदा आला तरी लावणार नाही. शिवाय त्यांचं उत्तरेला जंगलात केबिन आहे. तिथे रात्री कुणी दार फोडलं तर शेरीफची गाडी यायला अर्धा तास. बंदूक कुलपात आणि गोळी दुसऱ्या कुलपात, मग ती कशाला ठेवायची? तिथे पलंगाशी त्यांच्याकडे बोटाच्या ठशाने उघडणारी लहान पेटी आहे. ‘दोन सेकंद,’ म्हणाले. मला ते पटलं. म्हणजे पेटी पटली. कायद्याचं अजून पटलेलं नाही, ते पुढे येतं.

घरी आले ती जग जिंकल्यासारखी. नवऱ्याला रंगवून सांगितलं. त्या हिवाळ्यात मी आणखी चार घरी विचारलं, सगळी अमेरिकन घरं. कुणी रागावलं नाही. एकीने मात्र ‘नाही’ म्हणताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आणि ज्या घरी माझी लेक सगळ्यात जास्त वेळा झोपायला गेली होती, तिथे मी विचारलंच नव्हतं. ते आपलं घर. गणपतीला त्यांच्याकडची आरती, दिवाळीला आमच्याकडचा फराळ, मंडळाच्या नाटकाच्या तालमी त्यांच्याच तळघरात. मैत्रीण चिपळूणची, नवरा साताऱ्याचा. त्यांना काय विचारायचं? बंदूक ही ‘त्यांची’ भानगड, ‘आपली’ नव्हे, असं मी न बोलता ठरवूनच टाकलं होतं.

२०२३च्या दिवाळीत त्यांच्याकडून परत येताना गाडीत नवरा म्हणाला, ‘याने पिस्तूल घेतलंय, माहितीये? कोविडमध्येच.’ त्या वसंतात दुकानांतले कागदाचे रोल संपले होते, बंदुकांच्या दुकानाबाहेर रांगा होत्या, लोक काहीही बोलत होते, आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्यांनीही त्या रांगांत उभं राहायला सुरुवात केली होती. हे मला वाचून माहीत होतं. ‘कुठे ठेवतो?’ मी विचारलं. ‘मी कशाला विचारू?’ मागच्या सीटवर लेक चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात धरून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी चिवड्याची कृती विचारली. मग ते.

‘अगं हो, आहे ना. कपाटात. माझ्या साड्या आहेत ना पैठण्या, त्याच्या खाली. कुणी हात लावत नाही तिथे.’

‘भरलेलं असतं?’

‘ते बाई मला माहीत नाही. ते सगळं हेच बघतात.’

त्या कपाटातल्या साड्या माझ्या लेकीने आणि तिच्या लेकीने किती वेळा नेसून आरशासमोर नाच केला असेल, याचा हिशेब मी मनात मांडायला लागले आणि थांबवला. तिला म्हटलं, कुलूप लाव गं, पोलीस ठाण्यात फुकट मिळतं, केबलचं. ‘हो, सांगते यांना.’ त्यानंतर दोन महिने आमचं बोलणं नेहमीपेक्षा थोडं जास्त गोड झालं. मराठीत असं झालं की काहीतरी बिनसलंय समजावं.

फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या मुलाच्या आईचा खटला सुरू होता. मुलाला स्वतःला आजन्म कारावास झालेला होता. आता आईवर, आणि मग वेगळा वडिलांवर, चार मुलांच्या सदोष मनुष्यवधाचा आरोप. सगळं कामकाज थेट दाखवत होते. मी पोळ्या लाटता लाटता फोन पिठाच्या डब्याला टेकवून ऐकत असे. खटल्यांमध्ये निघालं की पिस्तूल कपाटात होतं आणि गोळ्या दुसरीकडे, जीन्सच्या घडीखाली, असं वडिलांनी पोलिसांना सांगितलं होतं. घरातल्या बाकीच्या बंदुकांच्या पेटीचा आकडा कारखान्यातून येतो तोच होता, शून्य शून्य शून्य. पिस्तुलाबरोबर केबलचं कुलूप आलं होतं. ते पाकिटातून बाहेरच काढलेलं नव्हतं. साक्षीदाराने कोर्टात ते कसं लावायचं ते करून दाखवलं. एक मिनिटही लागलं नाही. मग आई साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, बंदूक ठेवण्याचं माझ्याकडे नव्हतं, ते नवऱ्याचं खातं.

माझी पोळी तव्यावर करपली.

६ फेब्रुवारी २०२४ला ज्यूरीने तिला दोषी ठरवलं, मार्चमध्ये वडिलांना. दोघांना दहा ते पंधरा वर्षं. मुलाने शाळेत केलेल्या गोळीबारासाठी आईबापांना मनुष्यवधाची शिक्षा, हे अमेरिकेत पहिल्यांदाच घडलं. बाईबद्दल मला काय वाटावं ते अजून ठरत नाही. वाईट आई होती, हे म्हणणं सगळ्यांनाच सोपं गेलं, कारण मग आपण सुटलो. मला ती सुटू द्यायची नव्हती आणि मला स्वतःलाही सुटायचं नव्हतं.

त्या निकालाच्या बरोबर आठवड्याने, १३ फेब्रुवारीला, मिशिगनचा नवा कायदा लागू झाला. तारीख मुद्दाम निवडलेली नसेलही, पण वर्षापूर्वी त्याच दिवशी मिशिगन स्टेट विद्यापीठात तिघे विद्यार्थी मारले गेले होते. ऑक्सफर्डमधून वाचून तिथे शिकायला गेलेली मुलं त्या रात्री पुन्हा एकदा दाराला टेबलं लावून बसली होती. कायदा म्हणतो, ज्या घरात अल्पवयीन मूल असतं किंवा येण्याची शक्यता असते तिथे बंदूक कुलपात हवी. मुलाने ती घेतली आणि कुणाचा जीव गेला, तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. २००८ साली सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन शहराचा सरसकट नियम मोडीत काढला होता. घरातली बंदूक सुटी करून किंवा कुलपातच ठेवा, असं म्हटलं तर स्वसंरक्षणाचा हक्क उरतो कुठे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे असे कायदे जपून लिहावे लागतात.

शेजारच्या आजोबांचं म्हणणं मला तेव्हा आठवलं. अक्कल नसलेला कायदा आला तरी लावणार नाही. कायदा लागू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लिंटला दोन वर्षांच्या मुलीच्या हाती घरातली भरलेली बंदूक लागली आणि तिने स्वतःवर गोळी झाडली. पोरगी वाचली. बापावर नव्या कायद्याखाली पहिला गुन्हा दाखल झाला. आजोबा म्हणाले, ‘बघ, मी सांगितलं होतं.’ मी म्हटलं, हो, पण माझ्या मैत्रिणीला अक्कल भरपूर आहे, पीएचडी आहे तिची, आणि तरी ते साड्यांखाली होतं. अक्कल असलेल्या लोकांनाही कुणीतरी ‘आता लावावंच लागेल’ म्हणावं लागतं. हेल्मेटचं तेच, सीटबेल्टचं तेच. त्यावर त्यांनी माझ्या दारातल्या फावड्याला दांडा नीट बसत नाही हा विषय काढला.

मैत्रिणीचं काय झालं ते सांगते. त्या फेब्रुवारीत एक दिवस तिचा फोटो आला, मजकूर काही नाही. कपाटाच्या तळाशी बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी, आकड्यांची. साड्या वरच्या कप्प्यात गेल्या होत्या. मी अंगठा पाठवला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

यंदा लेक पाचवीत. अस्वलाचं तिला केव्हाच कळलंय. आता कवायतीला लॉलीपॉप देत नाहीत, मोठी झाली ना, ती कुरकुर मात्र ऐकावी लागते. जानेवारीच्या एका शुक्रवारी मैत्रिणीची मुलगी आमच्याकडे झोपायला यायची होती. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. आधी तिने मला साबुदाण्याचं विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, ‘एक विचारू? राग नको मानूस हं.’

‘विचार की.’

‘तुमच्याकडे नाहीये ना? म्हणजे, आता सगळ्यांनाच विचारते मी.’

मला झोंबलं. खोटं कशाला सांगू? आम्हाला? मला? मीच तर हे सगळं सुरू केलं होतं! अर्धा सेकंद गेला असेल, पण तिला तो ऐकू आला असणार. ‘नाही गं,’ म्हटलं, ‘नाहीये.’

‘आणि ते शेजारचे आजोबा? पोरी तिथे जातात ना बेसमेंटमध्ये खेळायला?’

मी अगदी ऐटीत तिजोरीचं वर्णन केलं. बोल्ट, दांडा, गोळ्यांची निराळी पेटी.

‘बरं. किल्ली कुठे असते?’

‘अं?’

‘तिजोरीची किल्ली गं. त्यांच्या नातीला माहितीये का कुठे असते ती?’

बाहेर बर्फ पडायला लागला होता. मी तिला म्हटलं, पाच मिनिटांत फोन करते. बूट घातले, नवऱ्याचाच कोट अंगावर घेतला. त्यांच्या गॅरेजचा दिवा अजून चालू होता.